शुगर कमी झाली

आमच्या गावाकडच्या घरात ‘शुगर कमी झाली’ ही आनंदाची बातमी असते. आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. महिन्याकाठी दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिला मोटारसायकलवर बसवून तीर्थपुरीला नेतो, तिथं रक्त तपासून, गोळ्या घेऊन दोघं दुपारपर्यंत परत येतात. दारात पाऊल पडायच्या आत शेजारची बाई विचारते, “काय निघालं, माय?” आई चप्पल काढता काढता सांगते, “कमी झाली. दोनशे चाळीसची एकशे ऐंशी झाली.” मग वहिनी चहा टाकते आणि त्या दिवशी आईच्या कपात नेहमीपेक्षा जरा जास्त साखर पडते. बक्षीस म्हणून. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

हे मला ठाऊक होतं. मी त्याच घरात वाढलो. तरीही माझ्या मुलीला तिथं घेऊन गेलो तेव्हा तोच शब्द वापरला, तोही अर्धवट, आणि बाकीचं पोटात ठेवलं.

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. मी भाजीपाल्याच्या बियाण्यांवर काम करतो. आधी जालन्यातल्याच एका बियाणे कंपनीत होतो, मग तिकडून बोलावणं आलं. मुलगी तेव्हा कडेवर होती. तिचं बोलणं, चालणं, शाळा, सगळं तिकडचं. मराठी ती घरात बोलते, नीट बोलते, पण पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखी.

ती नऊ वर्षांची असताना एका हिवाळ्यात तिला सारखी तहान लागायला लागली. पाण्याची बाटली शाळेत पोचायच्या आत रिकामी व्हायची. गालफडं बसली. बायको म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हणालो, वाढीचं वय आहे. आणखी काही दिवस मी वाढीचं वयच म्हणत राहिलो आणि एक दिवस शाळेतून फोन आला की ती वर्गात कोसळली आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून शांतपणे समजावलं. लहान मुलांना होणारा हा मधुमेह वेगळा. यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. खाण्यापिण्यामुळे होत नाही, आईबापाच्या चुकीमुळे होत नाही. आयुष्यभर प्रत्येक जेवणाला इन्सुलिन टोचून घ्यावं लागेल, आणि टोचलं की तेवढं खावंच लागेल. साखर वाढली तर त्रास होईल, पण उपाय करायला बहुतेक वेळा अवधी मिळेल. एकदम खाली गेली तर अवधी मिळणार नाही. तेव्हा साखरच द्यायची, लगेच. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी माझ्याकडे बघून सांगितलं, कारण मी खिडकीबाहेर बघत होतो. मी त्या वेळी गावाकडे काय सांगायचं याचा विचार करत होतो, हे कबूल करायला हवं.

काहीच सांगितलं नाही. दर रविवारी आईशी फोनवर बोलायचो. “लेकरू वाळलं का रं?” आई स्क्रीनवर बघून विचारायची. “ताप येऊन गेला,” मी म्हणायचो. बायको शेजारी असली तर उठून आत जायची. तिचं म्हणणं सरळ होतं, सांगून टाका. माझं म्हणणं, गेल्यावर सांगू, समोरासमोर. खरं कारण वेगळं होतं. एकदा का ‘पोरीला शुगर हाये’ हे गावात झालं की ते तीर्थपुरीपासून मंठ्यापर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांत जाणार, आणि आणखी दहाबारा वर्षांनी तिचं लग्न ठरवताना कुणीतरी ते आठवून सांगणार. तिचं लग्न आम्ही ठरवणार आहोत की ती स्वतः, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. पण भीती तीच होती. शिवाय लोक म्हणणार, तिकडं नेऊन पोरीचं काय करून ठेवलं. डॉक्टरबाईंनी कितीही सांगितलं तरी तो प्रश्न मीच मला विचारत असे. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकायची माझी तयारी नव्हती.

गेल्या डिसेंबरात आम्ही गावी गेलो. दादाच्या मोठ्या मुलाचा साखरपुडा होता. मुलगी अकरा वर्षांची झाली होती. तिच्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असते. तिच्यातून साखरेचा आकडा तिच्या फोनवर जातो आणि तिथून, नेट असलं तर, आमच्या दोघांच्या फोनवर. आईनं पहिल्याच दिवशी त्या चकतीला बोट लावलं.

“हे काय गं डकवलं?”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, “तिकडं शाळेतल्या पोरांना लावतात. तब्येतीवर लक्ष ठेवायचं मशीन आहे.”

“सरकार लावतं?”

“हो.”

“बराबर हाये,” आई म्हणाली. मुलीनं मान खाली घातली. बायकोनं माझ्याकडे बघितलंही नाही.

वहिनीला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. घरात प्रत्येक जेवणाआधी आम्ही दार लावून इन्सुलिन देत होतो. वहिनी चादरी द्यायला आत आली आणि मुलगी पोटाला इन्सुलिनचं पेन लावून बसलेली. वहिनी दारातच थांबली. मी तिला बाहेर ओसरीच्या टोकाला नेलं.

“थोडी शुगर आहे तिला,” मी म्हणालो.

“एवढुशा लेकराला? कशानं, भाऊजी?”

“तिकडचं खाणं. जाईल हळूहळू. तुम्ही फक्त गोड देऊ नका तिला, बस्स. अन् आईला बोलू नका.”

वहिनीनं पदर डोक्यावर सारखा केला. “मी कशाला बोलू? अन् गोडाचं तुमी माझ्यावर सोडा. माझ्या नजरेखालून बोटभर गूळ जानार न्हाई तिच्या तोंडात.”

वहिनी शब्दाची पक्की आहे. तिनं तो शब्द किती नेटानं पाळला ते पुढं येईलच.

साखरपुड्याच्या दोनेक दिवस आधी जुन्या जालन्यात कापड घ्यायला जायचं ठरलं. आहेराची लुगडी, सुनेची साडी. साडी निवडायला बायको हवी होती आणि गाडी चालवायला मी. त्याच दिवशी वहिनीनं शेतात हुरड्याचा बेत केला होता. ज्वारी नुकती चिकात आली होती, दाणे कोवळे होते, घरातली पोरं सकाळपासून नाचत होती, आणि माझी मुलगी त्यांच्यात सगळ्यात पुढं. ती हुरडा पहिल्यांदाच खाणार होती.

बायको म्हणाली, “मी थांबते. तुम्ही सासूबाईंना घेऊन जा.”

“आईला साडीतलं काय कळतं? तीन-चार तासांचा तर प्रश्न आहे.”

“मग पेन तिच्या पिशवीत देते. खायला बसली की घेईल, तिला येतं सगळं.”

तिला येत होतं. तिकडं शाळेत ती रोज स्वतःच घेते, कुणी वळूनही बघत नाही. पण मला शेतातलं दृश्य दिसलं. हुरडा भाजायच्या आगटीभोवती पोरं बसली आहेत, शेजारपाजारच्या बायका आल्या आहेत आणि माझी मुलगी सदरा वर करून पोटात सुई घालते आहे. मी म्हणालो, “नको. आत्ताच देऊ. आगटी पेटली आहे, अर्ध्या तासात खायला बसतील.”

हुरड्यात कर्बोदकं किती, हे कुठल्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. तिकडं ब्रेडच्या तुकड्यापासून सगळ्यावर आकडा छापलेला असतो, आम्ही बेरीज करतो आणि तेवढं इन्सुलिन देतो. इथं मी ओंजळीचा अंदाज धरला. दोन ओंजळी तरी खाईल, वर भाकरी खाईल. ज्वारीच्या रानात वाढलेला माणूस मी, असा अंदाज चुकायचा नाही असं मला वाटलं. दार लावलं, पेनाचा आकडा फिरवला आणि तिला टोचून घ्यायला लावलं.

“पप्पा, अजून समोर खायला काही नाही,” ती म्हणाली.

“आता गेल्या गेल्या बसशील.”

तिच्या पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या आणि ज्यूसचा डबा असणार असं मी धरलं. तो नेहमी असतो. साखर फारच खाली गेली तर नाकात मारायचा आणीबाणीचा फवारा आमच्या सूटकेसमध्ये होता आणि सूटकेसला कुलूप होतं, कारण पोरं उचकापाचक करतात. वहिनीला जाता जाता मी एवढंच म्हणालो, “लक्ष ठेवा.” ती म्हणाली, “बिलकुल काळजी करू नका.”

जुन्या जालन्यात गाडी बाहेरच लावावी लागते. गल्लीत हातगाड्या, ऑटो, धान्याची पोती. कापडाचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. आम्ही गादीवर बसलो, समोर साड्या उलगडत गेल्या. दुकानदार वयस्कर आणि बोलका होता.

“परदेशातून आलेत म्हणता, मंग ताईंना हलकं कापड दाखवू नको रे,” तो नोकराला म्हणाला. “नाहीतर तिकडं जाऊन आमचं नाव खराब करतील.”

बायको हसली. त्या सहलीत ती पहिल्यांदाच मोकळी हसली असेल. तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. तो आवाज आम्ही दोघंही झोपेतसुद्धा ओळखतो.

चार पॉइंट एक. शेजारी सरळ खाली जाणारा बाण.

तिकडचं मोजमाप वेगळं आहे. आईचे आकडे शेकड्यांत असतात, मुलीचे एकेरी. पाच-सहा असलं की आम्ही निश्चिंत. चारच्या खाली गेलं की गोळ्या. तीनच्या खाली कधी जाऊ द्यायचं नाही.

“गोळ्या खाईल ती,” मी म्हणालो. “तिच्या फोनवरही वाजलं असणार.”

बायकोनं हातातली साडी खाली ठेवली होती. आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो. दुकानदार पुढची घडी उलगडत होता. तीन पॉइंट सहा. बाण तसाच. मग तीन पॉइंट दोन. आणि मग आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. शेतात नेट येतं आणि जातं, बांधावर उभं राहिलं तर येतं, आंब्याखाली जातं. मी मुलीचा फोन लावला. लागला नाही. वहिनीचा लावला, तो घरी आईनं उचलला. “शेतात गेल्या सगळ्या. फोन हितंच इसरली.” दादाचा वाजत राहिला. तो हरभऱ्याला पाणी द्यायला विहिरीकडे गेला होता हे मला नंतर कळलं.

मी जिन्यावर जाऊन मुलीचा फोन पुन्हा पुन्हा लावत होतो. बायको माझ्यामागं येऊन उभी होती. ती एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. शेवटी फोन लागला आणि वहिनीचा आवाज आला.

“हॅलो? भाऊजी? अहो, मजेत हायेत पोरं. तुमी कापड घ्या निवांत.”

“वहिनी, तिची शुगर कमी झालीय.”

“हाव, सांगितलं तिनं मघाच. म्हन्ली, मोठी आई, माझी शुगर कमी झाली. मी म्हन्लं, बरं झालं बाई. कितीक झाली? तर म्हन्ली तीन. आता आजीची दीडशेच्या खाली येता येईना अन् तुझी तीन, मंग तुझी तर एक नंबर हाये.”

“तिला काहीतरी गोड द्या. लगेच.”

“गोड?”

“गूळ, साखर, काय असंल ते.”

“तुमीच तर म्हन्ले व्हते देऊ नका. मी तर तिच्या पिशवीतल्या गोळ्या बी काढून घरी फडताळात ठून दिल्या सकाळीच. ते ज्यूस बी. हुरडा बी बेतानं दिला, गोड असतो म्हणून. रुसली जराशी. पन मी म्हन्लं, पप्पानं सांगितलंय.”

दोन ओंजळींचं इन्सुलिन पोटात आणि हुरडा बेतानं.

“ती कुठंय आत्ता?”

“झोपली की. बाजेवर. पळून पळून दमली. घाम बी लई आल्ता एवढ्या थंडीत.”

“उठवा तिला.”

“झोपू द्या की, भाऊजी, आत्ताच तर…”

“वहिनी, ऐका.” मी ओरडत होतो, जिन्यावरून चढणारी माणसं थांबून बघत होती. “मी तुम्हाला खोटं सांगितलं. तिला थोडी शुगर नाही. तिला मोठा आजार आहे, रोज इन्सुलिन टोचावं लागतं, जन्मभर. आज ते जास्त झालंय. तिच्या अंगात साखर उरली नाही. आत्ता गोड गेलं नाही तर ती उठणार नाही. मरेल ती, वहिनी.”

पलीकडे खरखर होती. “काय मरंल? आवाज तुटून राह्यला. कोन मरंल?”

“गूळ. तिला उठवून बसवा. गूळ पाण्यात कालवून…”

फोन बंद झाला.

पुन्हा लागला नाही. माझं किती ऐकू गेलं, ते कळायला मार्ग नव्हता. बायको जिना उतरून गल्लीत पोचली होती. दुकानदार वरून काहीतरी म्हणत होता, मला वाटतं तो पाणी विचारत होता. गाडी त्या गर्दीतून बाहेर काढताना मी एका हातगाडीला घासली, तो माणूस शिव्या देत मागं पळाला आणि मी थांबलो नाही.

अंबडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. एकीच्या मागं दुसरी, ओलांडायला जागा नाही. बायको एका हातात तिचा फोन, दुसऱ्यात माझा, असं धरून बसली होती. दोन्हींवर रेघा. ती सारखी दादाचा नंबर लावत होती.

“वहिनी देतील ना गूळ?” मी विचारलं.

“मला काय माहीत? त्यांना तुम्ही काय सांगून ठेवलंय ते तुम्हाला माहीत.”

मग थोड्या वेळानं ती म्हणाली, “मीही गप्पच बसले.” माझ्याकडे न बघता म्हणाली. मला ते ऐकवेना. तिच्या वाट्याचा दोष तिनं उचलला म्हणजे माझा कमी होईल असं मला वाटलं नाही, उलट तो जड झाला.

त्या रस्त्यावर मी मनात काय काय केलं ते लिहिता येणार नाही. एक मात्र लिहितो. मधेच एकदा माझ्या मनात आलं की काही झालंच, तर आईला काय सांगायचं? आणि तशाही अवस्थेत माझं डोकं एक सोयीचं उत्तर शोधायला लागलं. साप, विंचू, काहीतरी. त्या विचाराची मला आजही किळस येते.

अंबड मागं पडल्यावर दादाचा फोन आला. बायकोनं तो कानाला न लावता मोठ्या आवाजावर टाकला.

“उठली,” दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. “उठली बरं का. रडून राह्यली. तुमी सावकाश या.”

बायकोनं चेहरा पदरात घातला. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

शेतात पोचलो तेव्हा मुलगी बाजेवर दादाची घोंगडी पांघरून बसली होती. गालाला, हनुवटीला, सदऱ्याला गूळ लागलेला. हातात भाकरी. बायकोनं तिला कवेत घेतलं, मग बोटातून रक्त काढून तपासलं. सहा पॉइंट दोन. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “मी मोठ्या आईला सांगितलं होतं, पप्पा. मी बरोबर सांगितलं होतं.”

“हो,” मी म्हणालो. “तू बरोबर सांगितलं होतंस.”

वहिनी आगटीपाशी पाठ करून बसली होती. तिच्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती. दादानं सांगितलं, मरंल एवढा एकच शब्द तिला धड ऐकू आला, आणि त्याच्याआधी गोड द्या. तिनं मुलीला उठवून छातीशी धरलं, मुलगी कुणाला ओळखत नव्हती, हात मारत होती, दात आवळत होती. वहिनीनं बोटावर पातळ गूळ घेऊन गालाच्या आतून चोळत ठेवला, पुन्हा पुन्हा. त्यात मुलीनं बोट चावलं. वहिनीनं ते बाहेर काढलं नाही.

शुद्धीवर आल्यावर मुलीनंच त्या दोघांना इन्सुलिनचं सगळं सांगितलं होतं. मी वहिनीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

“वहिनी.”

ती निखारे सारत राहिली. मग म्हणाली, “भाऊजी, माझ्या हातानं लेकरू गेलं असतं.”

“चूक माझी होती.”

“तुमची असंल. पन हात माझा व्हता ना. मी जल्मभर म्हन्ले असते, झोपली अन् उठलीच न्हाई, काहून ते देवाला म्हाईत. अन् तुमाला म्हाईत असतं.” तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. “मंग तुमी मला सांगितलं असतं का?”

गाडीत मनात आलेला तो साप मला आठवत होता.

संध्याकाळी घरी मी आईला सगळं सांगितलं. चकती काय आहे, पेन काय आहे, तिकडं दवाखान्यात काय झालं. आई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. मधे तिनं मुलीला जवळ ओढलं, दंडावरच्या चकतीवरून हात फिरवला. मग आवाज खाली करून मला म्हणाली, “झालं ते झालं. आता भाईर कुनाला बोलू नको. पोरीची जात हाये.”

माझंच वाक्य होतं ते. मी ते बायकोला किती वेळा ऐकवलं होतं, याच सुरात, दाराकडे एक नजर टाकून. मी काही म्हणणार तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं आईला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही.

“का बोलायचं न्हाई?” ती म्हणाली. “मी तर बोलनार हाये. समद्या गल्लीला सांगनार, पावन्यांना बी सांगनार. उद्या ही शेजारच्या वसरीवर चक्कर यून पडली तर ते काय करतील? माझ्यावानी बरं झालं बाई म्हनतील?”

“लगीन कसं व्हायचं गं तिचं?” आई म्हणाली.

“लगनाला जिती तर राहू द्या.”

दादा खाली बघत होता. आईनं तोंड फिरवलं आणि जपमाळ हातात घेतली. त्या रात्री ती जेवली नाही. आजही ती मला फोनवर मुलीच्या आजाराबद्दल काही विचारत नाही. माणसं आपापल्या गतीनं येतात, आणि काही येत नाहीत, त्यांना मी नावं ठेवू शकत नाही.

साखरपुडा झाला. वहिनीनं खरंच सगळ्यांना सांगितलं, पंगतीत वाढता वाढता, बांगड्या भरता भरता. काही बायकांनी हळहळ केली, एकीनं कारल्याचा रस सुचवला, एकीनं अंगारा. माझ्या कानावर एकदा आलंच, तिकडं नेऊन काय केलं बघा पोरीचं. पण मुलगी जेवायला बसताना पंगतीतच पेन काढत होती आणि चार पोरं डोळे मोठे करून बघत होती. “दुखतं का गं?” “चिमटा काढल्यासारखं.” “मला टोच.” “तुला नाही चालत, वेडा आहेस का?”

वहिनी मोकळ्या वेळात तिच्याकडून शिकत होती. शुगर हा शब्द तिनं बंदच करून टाकला. “मला त्या शब्दानं एकदा फशिवलं. तू मला शुगर-बिगर सांगू नको. तुला कमी वाटलं का नुस्तं म्हनायचं, मोठी आई, गूळ दे. मी इचारनार न्हाई काहून.” मुलगी ते वाक्य वहिनीच्याच चालीत म्हणून दाखवायची. दोघी हसायच्या. मी ओसरीवर असलो तर वहिनी हसायची थांबायची. माझ्याशी ती बोलत होती, चहा देत होती, भाऊजी म्हणत होती. पण पूर्वी बोलताना ती माझी थट्टा करायची, परदेशी पावनं म्हणायची, ती थट्टा गेली.

निघायच्या दिवशी तिनं स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. “ते आकडे हितं येतेत का बघा.” मी ते ॲप तिच्या फोनवर टाकून दिलं, तिकडचे आकडे तिला समजावे म्हणून कुठं भीती आणि कुठं नाही ते दाखवलं. तिनं दोनदा म्हणून घेतलं. चारच्या खाली गूळ.

आता आम्ही इकडं परत आलो आहोत. मुलीची साखर खाली गेली की माझ्या फोनवर वाजतं, बायकोच्या फोनवर वाजतं आणि तिकडं गावात, भाकऱ्या थापणाऱ्या वहिनीच्या फोनवरही वाजतं. परवा दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो होतो, मुलगी शाळेतून सायकलवर आली आणि आल्या आल्या आकडा घसरला. तिनं ज्यूसचा डबा फोडला तोवर माझा फोन वाजला.

“भाऊजी, तीन पॉइंट आठ दाखवून राह्यलं. काय करून राह्यली पोरगी?”

“बरी आहे, वहिनी. ज्यूस पितेय आत्ताच. माझ्यासमोर.”

पलीकडून परातीचा आवाज आला, कुणीतरी मागं बोलत होतं.

“तुमी नका सांगू,” वहिनी म्हणाली. “तिला द्या.”

मी फोन मुलीच्या हातात दिला.